नवे इअरबड्स ‘बेकार निघाले’ म्हणायच्या आधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात आमच्या भाच्याने साडेचार हजाराचे नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स घेतले आणि तिसऱ्याच दिवशी डबी माझ्यासमोर आणून ठेवली, म्हणे मामा हे बेकार निघाले, कूलरचा आवाज जसाच्या तसा येऊन राहिला, रिटर्न टाकून देतो. मी बडच्या टोकाच्या रबरी टिप्स पुसून माझ्या कानात घातले तर कूलरची घरघर जवळपास गायब. मग त्याला घालायला लावले आणि नीट बघितलं तर बड कानात नुसता टेकलेला होता, आत बसलाच नव्हता. खोक्यात टिप्सच्या अजून दोन जोड्या होत्या, ती पिशवी त्याने फोडलीपण नव्हती. उजव्या कानाला मोठी टिप लावली, डाव्याला मधलीच ठेवली, बड थोडा मागे फिरवून आत बसवला, तर पोरगा विचारतो, “कूलर बंद केला का?” म्हटलं काहून बंद करू, ४४ डिग्री आहे बाहेर.

हे मी गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या जणांसोबत होताना पाहिलं आहे की आता लिहूनच टाकतो. चांगली वस्तू लोक परत करून राहिले, आणि खरंच खराब असलेली वस्तू मुदत संपेपर्यंत वापरून राहिले, दोन्हीकडे पैसे आपलेच जातात.

टिप न बदलता निकाल देणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या सगळ्या हिच्यानंतर. बड आणि कानाच्या मधे केसाएवढी जरी फट राहिली तरी बाहेरचा खालच्या पट्टीचा आवाज, म्हणजे कूलर, पंखा, बसचं इंजिन, त्या फटीतून थेट आत येतो आणि गाण्यातला बेस त्याच फटीतून बाहेर निघून जातो. म्हणजे एकाच फटीमुळे एएनसी, म्हणजे बाहेरचा आवाज मारणारं नॉइज कॅन्सलिंग, तेपण कमजोर वाटतं आणि आवाजपण पातळ, पत्र्यासारखा वाटतो. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा, आणि आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. चुकीची टिप लावून रोज फुल व्हॉल्यूमवर ऐकणारी कॉलेजची पोरं बघितली की मला खरंच काळजी वाटते.

तपासायची सोपी पद्धत सांगतो. तबला किंवा ढोलकी असलेलं एखादं गाणं लावा आणि बड बोटाने हलकासा आत दाबा. दाबल्याबरोबर डग्ग्याचा आवाज एकदम भरला तर समजा पकड नीट नाही, टिप बदला. दाबून काहीच फरक पडला नाही तर पकड बरोबर आहे. मग जबडा हलवून बघा, दोन शब्द मोठ्याने बोलून बघा, कारण कॉलवर बोलताना जबडा हलला की सैल टिप हळूहळू सरकते. दोन्ही कानांना एकच साईज लागेल असं काही नाही, बऱ्याच लोकांचे दोन कान थोडे वेगळे असतात. कंपनीच्या ॲपमधे फिट टेस्ट असेल तर तीही करा, एक मिनिट लागतं.

कोणत्याच रबरी टिपने जमलं नाही तर फोमच्या टिप्स मिळतात, त्या बोटाने चेपून कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद धरून ठेवायच्या. फक्त घ्यायच्या आधी बघा की त्या लावून केसचं झाकण पूर्ण बंद होतं की नाही. जाड टिपमुळे बड पिनांवर नीट बसत नाही, रात्रभर चार्जिंगला ठेवूनही सकाळी बॅटरी शून्य, आणि मग लोक म्हणतात बड खराब झाला.

चुकीच्या आवाजावर परीक्षा घेणं

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात उभं राहून, आजूबाजूला दहा माणसं बोलताहेत, बाहेर हॉर्न वाजताहेत, आणि आपण दोन मिनिटं बड घालून म्हणतो की अरे आवाज तर येतोय. येणारच आहे भाऊ. एएनसी काय करतं हे समजून घ्या. बडला बाहेरून एक माइक असतो, बऱ्याच मॉडेलमधे आतूनही एक असतो, तो आवाज पकडतो आणि चिप त्याच आवाजाची बरोबर उलटी लहर तयार करून कानात सोडते, दोन्ही मिळून एकमेकांना मारतात. हे जमायला आवाज एकसारखा, संथ आणि खालच्या पट्टीचा पाहिजे. कुकरची शिट्टी, हॉर्न, लहान बाळाचं रडणं, हातोडी, बाजूच्या माणसाचं बोलणं हे वरच्या पट्टीचे किंवा सारखे बदलणारे आवाज, ते मुख्यतः टिपच्या रबरानेच अडतात, चिपने फार थोडे.

आणि ही कल्पना वाढली तीच मुळात विमानाच्या इंजिनासाठी. बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ साली झुरिकहून विमानाने परत येत होते, विमान कंपनीने दिलेले हेडफोन लावले तर इंजिनाच्या घरघरीत काही धड ऐकू येईना, तिथेच त्यांनी कागदावर गणित मांडायला सुरुवात केली, आणि १९८९ मधे त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. आता आपल्या नागपुरातल्या घराघरातला डेझर्ट कूलर म्हणजे एक छोटं विमानच आहे, तीच सलग घरघर, त्यामुळे एएनसी पारखायला याच्याइतकी चांगली जागा नाही.

तर घरी असं करा. कूलर फुल स्पीडवर लावा, रोज जिथे बसता तिथेच बसा, गाणं लावू नका. आधी उघड्या कानाने ऐका, मग बड घालून एएनसी बंद ठेवून ऐका, मग एएनसी चालू करून. पहिल्यातून दुसऱ्यात जो फरक पडला तो टिपचा, दुसऱ्यातून तिसऱ्यात जो पडला तो एएनसीचा. दुसऱ्या-तिसऱ्यात काहीच फरक नाही वाटला तर आधी टिप बघा, मग ॲपमधे एएनसीची पातळी बघा, बऱ्याच बडमधे ती ‘अडॅप्टिव्ह’ (आपोआप कमी-जास्त होणारी) किंवा कमीवर सेट करून येते. नंतर एकदा मेट्रोत सीताबर्डी ते खापरी जाऊन या, डब्यातला एसी आणि मोटारीचा आवाज चांगला नमुना आहे.

यात एक गोष्ट आपल्याकडे फार होते. कूलरच्या बरोबर समोर बसले की हवेचा झोत थेट बाहेरच्या माइकवर आदळतो आणि कानात फर्रर्र असा आवाज येतो, एएनसी बंद केलं की गायब. लोकांना वाटतं पीस डिफेक्टिव्ह आहे. तो फक्त वारा आहे. खुर्ची थोडी आडवी करा, किंवा ॲपमधे वाऱ्याचा आवाज कमी करायचा मोड असेल तर चालू करा. गाडीवरपण असंच होतं, पण गाडीवर दोन्ही कानात एएनसी लावून जाऊच नका. वर्धा रोडवर मागून ट्रक येऊन राहिला आणि त्याच्या इंजिनाचा आवाज तुमच्या बडने मिटवून टाकला, याचा विचार करा.

खोक्यावर ‘५० डेसिबलपर्यंत’ लिहिलेलं असतं, त्यातला ‘पर्यंत’ नीट वाचा. तो आकडा कुठल्यातरी एका पट्टीवरचा सगळ्यात जास्त असतो, सगळ्या आवाजांवरचा नाही, म्हणून ४५ वाला आणि ५० वाला यांची आकड्यावरून तुलना करू नका. अंदाज म्हणून एवढं ध्यानात ठेवा की १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण अर्धा झाल्यासारखा वाटतो.

आपल्याला शांत, म्हणजे समोरच्यालाही शांत, असं समजणं

मिहानमधल्या आयटी कंपन्यांत काम करणारे आणि घरून कॉल घेणारे इथे हमखास फसतात. एएनसी तुमच्या कानासाठी आहे. तुमच्या माइकमधून समोरच्याला काय जातं ते पूर्ण वेगळं, त्याला खोक्यावर ईएनसी म्हणतात. कूलर चालू ठेवून स्वतःलाच एक व्हॉइस मेसेज पाठवा आणि ऐका, कळेल.

आणि लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज अचानक जुन्या लँडलाइनसारखा का होतो, तर साध्या ब्लूटूथवर बडचा माइक चालू झाला की तो कॉलच्या मोडमधे जातो आणि आवाजाची क्वालिटी पाडतो. बड खराब नाही. मीटिंगच्या सेटिंगमधे माइक लॅपटॉपचा निवडा आणि स्पीकर म्हणून फक्त बड ठेवा, लगेच फरक पडतो. दोन डिव्हाइस एकत्र जोडलेले असतील तर फोनवर आलेलं एखादं नोटिफिकेशन मधेच आवाज ओढून नेतं, तेही बघून घ्या.

कोडेक आणि ड्रायव्हरचे आकडे

कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायची पद्धत, ड्रायव्हर म्हणजे बडमधला छोटा स्पीकर. यावर फार वेळ घालवू नका. एलडॅक नावाचं कोडेक चांगलं आहे पण आयफोनला ते चालतच नाही, आयफोन एसबीसी आणि एएसी हे कोडेकच वापरतो, त्यामुळे आयफोनवाल्याने एलडॅकसाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. १३ एमएमचा ड्रायव्हर १० एमएमपेक्षा चांगला असतोच असं नाही. ब्लूटूथ ५.३ म्हणजे आवाज चांगला, असंही नाही. ‘४० तास बॅटरी’ म्हणजे बहुतेक वेळा केस धरून आणि एएनसी बंद ठेवून, तुम्हाला पाहिजे तो आकडा म्हणजे एका चार्जवर एएनसी चालू ठेवून किती तास.

उन्हाळ्यात डिक्कीत ठेवणं

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू आहे, गाडी ऑफिसच्या बाहेर उन्हात उभी, आणि डिक्कीत इअरबड्सची केस. ॲपलने एअरपॉड्ससाठी वापरायचं तापमान ३५ डिग्रीपर्यंत आणि ठेवायचं ४५ डिग्रीपर्यंत सांगितलं आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होतं, बंद डिक्कीत त्याहून किती तरी जास्त. लिथियम बॅटरी उष्णतेने कायमची कमजोर होते आणि बडमधली बॅटरी इतकी छोटी की दोन उन्हाळ्यांत फरक दिसतो. माझ्या पहिल्या जोडीचा डावा बड असाच गेला, पाच तासांवरून दीडवर आला. केस बॅगमधे ठेवा, सोबत आत न्या, आणि तापलेली केस लगेच चार्जिंगला लावू नका.

घामाचंही तेच. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतात, नळाखाली धरणं नाही, आणि ते रेटिंग बडचं असतं, केसला बहुतेक वेळा नसतंच. अंबाझरीला चालून आलात की बड कोरड्या कपड्याने पुसा, पाच मिनिटं हवेवर ठेवा, मग केसमधे टाका, नाहीतर घामातलं मीठ चार्जिंगच्या पिनांवर जमतं.

एका कानात कमी येतंय, किंवा एक बड जोडलाच जात नाही

कमी येत असेल तर दहापैकी बहुतेक वेळा मळ. टिप काढा, जाळी उजेडात बघा, मऊ कोरड्या ब्रशने जाळी खाली तोंड करून झाडा. टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नाही, जाळी फाटली की मळ थेट ड्रायव्हरवर जातो. बाहेरच्या माइकची भोकंपण झाडा, ती बंद झाली की एएनसी एकाच बाजूला कमजोर होतं. जाळी साफ असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधे डाव्या-उजव्या आवाजाचा बॅलन्स मधोमध आहे का ते बघा, चुकून सरकलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

एक बड जोडलाच जात नसेल तर आधी दोन्ही बडच्या आणि केसच्या पिना कोरड्या कापडाने पुसा, मग फोनमधून डिव्हाइस काढून टाका, दोन्ही बड केसमधे ठेवून कंपनीने सांगितल्याप्रमाणे रीसेट करा आणि नव्याने जोडा. फर्मवेअरचा, म्हणजे बडच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट राहिला असेल तर तो करा.

एवढं सगळं करूनही शांत खोलीत एएनसी चालू केलं की एकाच कानात शिट्टी वाजत असेल, किंवा चालताना प्रत्येक पावलाला एकाच बडमधे टकटक होत असेल, टिप बदलूनही, तर तो खरा दोष आहे. पहिल्याच आठवड्यात, रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत, तो बड दुसऱ्या फोनच्या माइकजवळ धरून आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवा, बिल सोबत ठेवा, आणि तक्रारीत लिहा की दुसऱ्या फोनवरपण हाच आवाज येतो, रीसेट केलेलं आहे, टिप बदललेली आहे. असं लिहिलं की तेच तेच उपाय पुन्हा करायला सांगून दिवस घालवायला त्यांना जागा राहत नाही.