तुटक्या नगावरून घरच्या सीएनसीसाठी ड्रॉइंग कसे काढावे

जुन्या मशीनची मोटर-प्लेट तडकली, तो सुटा भाग आता मिळत नाही, पण घरी लहान सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर कापणारे मशीन) आहे. अशा वेळी तडकलेल्या प्लेटवरूनच ड्रॉइंग काढावे लागते. त्यात एक नियम सोडू नका: आकार स्कॅनवरून घ्यायचा, माप मात्र व्हर्नियरनेच (जबड्यांनी बारीक माप घेणारे साधन). हातातला नग घासलेला, कधी वाकलेलाही असतो. तो नवा असताना कसा होता, ते आपल्याला कागदावर आणायचे आहे.

स्कॅन

नग रॉकेलने धुऊन कोरडा करा, कडांचे बर (उभे राहिलेले धातूचे बारीक काटे) पॉलिश पेपरने हलक्या हाताने उतरवा. स्कॅनरच्या काचेवर पारदर्शक शीट अंथरा म्हणजे ओरखडे पडणार नाहीत, आणि सपाट बाजू खाली करून नग ठेवा. शेजारी दोन स्टील पट्ट्या ठेवा, एक आडवी, एक उभी. दोन्ही दिशांना स्कॅनरचे माप सारखेच येईल असे नाही, म्हणून एकाच पट्टीवर विसंबू नका. ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) एक पिक्सेल साधारण ०.०४ मिमीचा होतो, तेवढे पुष्कळ झाले. मोबाइलच्या फोटोत कडा तिरक्या दिसतात. स्कॅनर असेल तर फोटोच्या वाटेला जाऊ नका.

मापे

खरे काम इथे आहे, घाई करू नका.

दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर थेट मोजता येत नाही. म्हणून बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत एक माप घ्या, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत दुसरे, आणि बेरजेच्या निम्मे करा. बाहेरचे ७६.६ आणि आतले ६३.४ आले, तर केंद्रांतर ७०.० मिमी. भोके लहानमोठी असली तरी हे उत्तर बरोबरच येते.

लहान भोकाचा व्यास व्हर्नियर कमी दाखवतो, कारण त्याच्या आतल्या जबड्यांच्या धारा थोड्या चपट्या असतात. ड्रिल बिटच्या मागच्या गुळगुळीत दांड्या एकेक करून भोकात घालून पाहा. जी न हलता बसेल, तिच्यावर व्हर्नियर लावा.

मोठ्या गोलाईसाठी दोन टोकांमधले सरळ अंतर आणि मधली उंची मोजा. अंतराचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचे निम्मे, ही झाली त्रिज्या. अंतर ४० आणि उंची ५ असेल तर त्रिज्या ४२.५ मिमी.

आता प्रत्येक आकड्याला विचारा, हा असा का? बोल्ट एम६ आहे आणि भोक एका दिशेने ६.६, दुसऱ्या दिशेने ६.९ भरतेय, म्हणजे ते ओढले गेले आहे, ड्रॉइंगवर ६.६ लिहा, एम६ साठी तेच नेहमीचे माप. बेअरिंगवर ६२०३ छापले असेल तर बाहेरचा व्यास ४० मिमी, घर, म्हणजे बेअरिंग बसते ते भोक, किती झिजले त्याच्याशी देणेघेणे नाही. पण प्रत्येक माप पूर्णांकात बसवायचा मोहही धरू नका. नेमा २३ या ठरावीक आकाराच्या स्टेपर मोटरच्या भोकांचे अंतर ४७.१४ मिमीच असते, ४७ केले तर बोल्ट अडकतील.

ड्रॉइंग

फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन आणा, पट्टीवरच्या १०० मिमीवरून स्केल जुळवा आणि सरळ रेषा, चाप, वर्तुळे यांनी हाताने गिरवा. ऑटो-ट्रेस, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप गिरवणे, वापरू नका. त्यातून शेकडो बारीक तुकडे निघतात, टूल धक्के खात चालते आणि कड खरबरीत येते. गिरवून झाले की मोजलेली मापे घाला, रेषा त्यांच्याप्रमाणे सरकू द्या. आतले काटकोनी कोपरे आत्ताच पाहून घ्या: ६ मिमी एंड मिल (कापणारे गोल टूल) तिथे ३ मिमीची गोलाई सोडणारच. ती चालत नसेल तर लहान टूल ठरवा.

पडताळणी

ड्रॉइंगवर १०० मिमीची एक रेषा काढून १०० टक्क्यांवर प्रिंट घ्या, आधी रेषा मोजा, मग कागदावर नग ठेवून पाहा. ड्रॉइंग सीएनसीकडे नेणारी डीएक्सएफ फाइल उघडताना एकक मिलिमीटर आहे ना ते बघा. इंच झाले असेल तर सगळे २५.४ पट फरकाने दिसेल. पहिला नग एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) काढा आणि मशीनवर सगळे बोल्ट घालून पाहा.

मग अ‍ॅल्युमिनियम. बेअरिंगचे घर मुद्दाम ३९.८ ला थांबवा, पुढे अगदी थोडे थोडे वाढवत दर वेळी बेअरिंग लावून बघा. बेअरिंग घट्ट बसले की प्रोग्रॅममध्ये त्या वेळी असलेला व्यास ड्रॉइंगवर टिपून ठेवा. तो तुमच्या मशीनचा आणि टूलचा आकडा आहे, पुढच्या प्लेटला त्याच्या थोडे अलीकडून सुरुवात करा.