अंपायरने आत यायचं : नव्वद फुटी मैदानावरचा पहिला सीझन

मुलगा लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) खेळतो म्हणून हौसेने अंपायर झालेले मराठी बाबा इकडे न्यू जर्सीत अधूनमधून भेटतात. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की छोटं मैदान सोडतो, आणि मग बाबांनाही विचारणा होते, मोठ्या मैदानावर येणार का? हो म्हणून बसलेल्यांसाठी हे लिहितोय. नियम तुम्हाला येतात असं धरूनच चालतो.

छोट्या मैदानावर दोन बेसमधलं अंतर 60 फूट आणि पिचर 46 फुटांवर. मोठ्यावर तेच 90 फूट आणि 60 फूट 6 इंच, म्हणजे मेजर लीगचे व्यावसायिक खेळाडू खेळतात तेवढंच. बेसच्या चौकोनाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, आपलं वय मात्र त्याच दिशेने पुढे गेलेलं असतं. वाढलेलं अंतर पळून भरून काढू, हा विचार पहिल्याच दिवशी सोडून द्या. तेरा वर्षांचं पोरगं आपल्याला मागे टाकतं, चेंडू तर दोघांनाही. पिचरने चेंडू (पिच) टाकायच्या आधी आपण कुठे उभे आहोत, यावरच निम्मा निकाल ठरतो.

छोट्या मैदानावर बेस अंपायर बहुतेक वेळ इनफिल्डरांच्या (बेसजवळच्या फील्डरांच्या) मागे, बाहेरच्या बाजूला असतो. इथे रनर बेसवर आला की तुम्ही आत यायचं. बेस रिकामे असतील तर जागा ए : फर्स्ट बेसमनच्या दहा-बारा फूट मागे, पाय फाऊल लाइनच्या (मैदानाच्या कडेच्या रेषेच्या) जरासे बाहेर. फर्स्टवर एकटा रनर असेल तर जागा बी, म्हणजे पिचरचा माउंड (उंचवटा) आणि सेकंड बेस यांच्या मध्ये, फर्स्टकडच्या बाजूला. सेकंड किंवा थर्डवर कोणी असेल तर साधारणपणे सी, तिथेच पण थर्डच्या बाजूला. क्रिकेटमध्ये ओव्हरभर एका जागी उभं राहायची डोळ्यांना सवय असते. इथे रनर सरकला की तुम्हीही सरकायचं, कोणी सांगणार नाही. आत उभं राहिल्यावर सुरुवातीला उघड्यावर आल्यासारखं वाटतं, शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्डमधल्या फील्डरच्या) वाटेत आहोत की काय अशी धास्ती वाटते. पण चारपैकी तीन बेस थोडंसं वळून दिसतात ते इथूनच.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे लीड. छोट्या मैदानावर पिच बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. इथे तो पिचरच्या डोळ्यांदेखत दहा-बारा फूट पुढे सरकून उभा राहतो. म्हणजे पिकऑफ (बेस सोडलेल्या रनरला पकडायला पिचरने बेसवर केलेला थ्रो) आला, चोरी (पिच होताना पुढच्या बेसकडे पळणं) आली, आणि त्यांच्या मागोमाग बॉक (पिचरची नियमबाह्य हालचाल) आला. बी जागेवरून पिचरकडे बघताना मी दोनच गोष्टी धरून ठेवतो. पिचरचे हात पट्ट्यापाशी एकत्र आल्यावर खरंच थांबले का? आणि फर्स्टला टाकताना पुढचा पाय आधी बेसकडे पडला का? या वयाच्या पोरांचे बहुतेक बॉक या दोनांतच सापडतात. खांदा किंचित हलला, गुडघा थरथरला, अशा खोलात सुरुवातीला शिरू नका. खेळ शाळांच्या नियमांनी असेल तर बॉक झाल्याबरोबर चेंडू मृत होतो, म्हणजे खेळ तिथेच थांबतो, लिटल लीगच्या ज्युनिअर गटात मात्र तसं नाही. कुठल्या नियमांनी खेळायचं आणि पहिल्या बॉकला इशारा द्यायचा का, हे सामन्याआधी होम प्लेटजवळच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या) बैठकीतच दोन्ही कोचना विचारून घ्या. तिसऱ्या इनिंगला विचाराल तर उत्तर स्कोअर बघून मिळतं.

पिकऑफ झाला की बेसकडे धावत सुटू नका. बी जागेवरून एक-दोन पावलं होम आणि फर्स्ट यांच्या मध्यावर रोख ठेवून टाका आणि थांबा. त्या पावलांनी फर्स्ट बेसमनचा ग्लव्ह आणि रनरचा हात यांच्यामधली फट दिसायला लागते. बेसकडे नाक करून सरळ धावलात तर दहा फूट जवळ जाऊनही दिसते ती फर्स्ट बेसमनची पाठ. क्रिकेटमध्ये रनआऊटच्या वेळी अंपायर पळत बाजूला का जातो, तेच कारण. फर्स्टला ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) निकाल देताना तुम्ही ए जागेवर असाल, तर थ्रोच्या रेषेशी काटकोन करून पंधरा-अठरा फुटांवर थांबा. डोळे बेसवरच्या पायांवर, कान ग्लव्हवर. चेंडूचा आवाज आधी की पाय आधी, एवढंच ठरवायचं. ‘टाय झाली तर रनरचं’ असं कुंपणापलीकडून ओरडलं जाईल. ते काका गेल्या सीझनलाही तेच ओरडत होते.

ए जागेवरून बॅटरने आऊटफिल्डला फटका मारला की मात्र पळायचं, तेही आतमध्ये. उजवीकडची अडचणीची कॅच नाही ना, हे क्षणभर बघून घ्यायचं, मग फाऊल लाइन ओलांडून चौकोनात शिरायचं, गिरकी घ्यायची, बॅटरचा पाय फर्स्टला लागला ते बघायचं आणि त्याच्यासोबत सेकंडकडे वळायचं. ही गिरकी रिकाम्या मैदानावर, कोणी बघत नसताना घोटून ठेवा. शेजारच्या आजोबांना वाटेल तुम्ही भांगडा शिकताय.

फर्स्टवर एकच रनर आणि फटका आऊटफिल्डला गेला, तर प्लेट अंपायर (कॅचरमागचा दुसरा अंपायर) थर्डला येतो. तो येतोय हे त्याने मोठ्याने ओरडून सांगायला हवं. बोलणं झालं नाही तर थर्डला दोन अंपायर जमतात आणि दोन निकाल देतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे कोणीच नसतो. म्हणून पार्किंगमध्ये गार्ड चढवतानाच पार्टनरशी पाच मिनिटं बोला : फ्लाय बॉल (उंच फटका) कोणाचा, थर्ड कोणाचं, इनफिल्ड फ्लायची (इनफिल्डमधल्या सोप्या उंच फटक्यावर बॅटरला आऊट देण्याच्या नियमाची) खूण कोणती. पार्टनर शाळकरी पोरगा असला तरी संकोच करू नका, बऱ्याचदा त्यालाच जास्त माहीत असतं.

प्लेटमागे बदल कमी, पण नडतो. पिच लांबून येते आणि या वयात पोरं कर्व्ह (वळणारा चेंडू) टाकायला लागतात. खांद्याजवळून निघालेला चेंडू शेवटच्या काही फुटांत खाली येतो. कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या फटीतून बघा, डोकं हलवू नका, चेंडू ग्लव्हमध्ये गेल्यावर मनात ‘हं’ म्हणा, मग बोला. कॅचरने जमिनीलगत पकडलेली कर्व्ह प्लेटवरून जाताना स्ट्राइक (बॅटरच्या टप्प्यातला वैध चेंडू) असू शकते. ती स्ट्राइक दिलीत तर डगआउटमधून (संघाच्या बाकांवरून) उसासे येतील, येऊ देत.

गिअरमध्ये बुटांवर आणि मास्कवर पैसे घाला, बाकी जुनं चालतं. प्लेटचे बूट पोलादी टाचेचे नव्हे, पोलादी चवड्याचे घ्यायचे. ऑनलाइन स्वस्तात ‘सेफ्टी शूज’ मिळतात, ते पळायला निरुपयोगी.

आणि सामने वाटून देणाऱ्या माणसाला स्वतःहून सांगा : पहिले काही सामने मला बेसवर द्या, वसंतातल्या आठवडी लीगचे, तेरा वर्षांपर्यंतच्या पोरांचे, अनुभवी पार्टनरसोबत. शनिवार-रविवारच्या टूर्नामेंटला पैसे बरे मिळतात. पण तिथे चार सामने पाठोपाठ, जुलैचं ऊन आणि लांबून पैसे भरून आलेले पालक असतात. त्या वाटेला दुसऱ्या सीझनला जा. अंपायर सगळीकडेच कमी पडतात, त्यामुळे तुमची अट बहुधा मान्य होते.