डेंग्यूच्या रुग्णातील ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कसा मोजावा आणि त्याचा अर्थ कसा लावावा

विषाणुजन्य रक्तस्रावी तापांत ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे वाढतात आणि त्यांना आवर घालणारी अँटिऑक्सिडंट यंत्रणा अपुरी पडते, असे मानले जाते. हा बिघडलेला समतोल म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हा समतोल मोजणे फारसे कठीण नाही. कठीण आहे ते हाती आलेल्या आकड्याचा अर्थ लावणे, कारण डेंग्यूमध्ये केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपतो आणि त्याबरोबर अल्ब्युमिन हे रक्तद्रवातील मुख्य प्रथिनही रक्ताबाहेर जाते. प्रबंधासाठी असे काम हाती घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

सर्वप्रथम आजाराची निवड करावी. डेंग्यूचे नमुने नेहमीच्या जैवसुरक्षा पातळी-२ च्या प्रयोगशाळेत हाताळता येतात. क्रिमियन-काँगो ताप, किंवा सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि गोव्यातील सत्तरी भागात आढळलेला क्यासनूर जंगल ताप, या गोचिडांमार्फत पसरणाऱ्या, अधिक धोकादायक तापांचा संशय असेल तर नमुना आपल्या विभागात उघडूच नये. असे नमुने जिल्हा आरोग्य यंत्रणेमार्फत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेसारख्या सक्षम प्रयोगशाळेकडे जातात.

नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती मिळाल्यावर नमुन्यांचे वेळापत्रक ठरवावे. दिवसांची मोजणी रुग्णालयात दाखल झाल्यापासून नव्हे, तर ताप सुरू झाल्यापासून करावी. एक नमुना ताप असताना, दुसरा ताप उतरतेवेळी आणि तिसरा रुग्ण बरा झाल्यानंतर काही आठवड्यांनी घ्यावा. रक्तद्रव झिरपण्याचा धोका ताप उतरण्याच्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान असतो, म्हणून दुसरा नमुना चुकवू नये. तिसरा नमुना रुग्णाची स्वतःशीच तुलना करण्यासाठी लागतो. तुलनेच्या गटात केवळ निरोगी माणसे घेऊ नयेत. डेंग्यू नसलेले पण तापाने आजारी रुग्णही घ्यावेत, नाहीतर दिसलेला फरक डेंग्यूचा की कोणत्याही तापाचा हे कळणार नाही.

लिपिडांच्या ऑक्सिडीकरणाचा मापक असलेल्या मॅलोनडायअल्डिहाइडसाठी रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्यावे, बर्फावर ठेवावे, रक्तद्रव लवकर वेगळा करावा आणि साठवणीत नव्याने ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून त्यात थोडे बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन) मिसळून तो उणे ८० अंशांवर ठेवावा. एकूण अँटिऑक्सिडंट क्षमतेची फ्रॅप चाचणी मात्र ईडीटीएच्या नमुन्यावर करू नये, कारण ईडीटीए लोहाला बांधून ठेवते आणि ही चाचणी लोहाच्याच क्षपणावर उभी आहे. तिच्यासाठी सीरम किंवा हेपरिनचा रक्तद्रव वापरावा. लालसर झालेला नमुना बाजूला काढावा. तांबड्या पेशींत कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट घटक भरपूर असतात, त्यामुळे थोड्याही पेशी फुटल्या तरी आकडा फसवा होतो.

मॅलोनडायअल्डिहाइड थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवल्यावर गुलाबी रंग देते आणि त्याची तीव्रता ५३२ नॅनोमीटरवर मोजली जाते. हा रंग इतर काही पदार्थांमुळे, विशेषतः बिलिरुबिन आणि काही शर्करांमुळेही येऊ शकतो, म्हणून प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र ब्लँक (थायोबार्बिट्युरिक आम्ल न घालता केलेली तुलनेची नळी) ठेवावा. थायॉल गट, म्हणजे ऑक्सिडीकरणात सहज खर्च होणारे गंधकयुक्त गट, एलमनच्या अभिकर्मकाने ४१२ नॅनोमीटरवर मोजावेत.

आकडे हाती आल्यावर खरे काम सुरू होते. रक्तद्रवातील बहुतांश थायॉल अल्ब्युमिनवर असतात. म्हणून थायॉल केवळ प्रतिलिटर न लिहिता अल्ब्युमिनच्या प्रतिग्रॅमही लिहावेत. प्रतिलिटर आकडा घसरला पण प्रतिग्रॅम आकडा स्थिर राहिला, तर थायॉल खर्च झाले नसून अल्ब्युमिनबरोबर वाहिन्यांबाहेर गेले किंवा शिरेतून दिलेल्या द्रवाने विरळ झाले, असे समजावे. दोन्ही आकडे घसरले तरच ऑक्सिडीकरणाचा दावा करावा. प्रकाशित लेख वाचतानाही मी आधी हीच गोष्ट तपासतो, आणि ती नसेल तर त्या लेखाच्या निष्कर्षावर फार भार टाकत नाही. गंभीर डेंग्यूमध्ये कोलेस्टेरॉलही घटते, त्यामुळे मॅलोनडायअल्डिहाइडचा आकडा लिपिडांच्या पातळीशेजारी ठेवूनच वाचावा. फ्रॅपमधील मोठा वाटा युरिक आम्लाचा असतो. मूत्रपिंडावर ताण येऊन ते वाढले, तर अँटिऑक्सिडंट क्षमता सुधारल्याचा भास होतो.

याखेरीज प्रत्येक रुग्णाचे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण), प्लेटलेट, यकृताची विकरे, दिलेल्या द्रवाचे प्रमाण आणि औषधे यांची नोंद ठेवावी. पॅरासिटामॉल जास्त झाल्यास यकृतातील ग्लुटाथायोन खर्च होते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या फ्रॅपचा आकडा वाढवतात. घरी पपईच्या पानांचा रस घेतला होता का, हेही विचारावे, कारण आपल्याकडे तो पुष्कळ जण घेतात आणि न विचारता सांगत नाहीत.

या मोजमापांवरून उपचार ठरवू नयेत आणि कोणालाही अँटिऑक्सिडंट गोळ्या सुचवू नयेत. डेंग्यूच्या उपचाराचा कणा आजही वेळेवर आणि मोजून दिलेला द्रव, तसेच धोक्याच्या लक्षणांवर सतत लक्ष हाच आहे. अभ्यासासाठी रक्त घेताना त्या कामात खंड पडणार असेल, तर तो नमुना सोडून द्यावा.