घरात दोघंच उरलो की गच्चीत काय आणि किती लावायचं

मंडईतली मेथीची जुडी चार-पाच माणसांच्या हिशोबाची असते. घरात दोघंच असलो की निम्मी भाजी होते आणि निम्मी फ्रीजमध्ये पिवळी पडते, कोथिंबिरीचंही तेच. मुलं शिकायला, नोकरीला बाहेर गेलेल्या घरांत हे रोजचंच झालंय, पुण्यात तर प्रत्येक सोसायटीत अशी घरं आहेत. गच्चीत किंवा बाल्कनीत चार तास ऊन येत असेल तर पालेभाजीपुरता हा प्रश्न सुटतो, फक्त पेरताना चौघांची सवय सोडायला लागते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. सगळ्या कुंड्या एका दिवशी पेरू नका. पेरल्या तर महिन्याने एकदम ढीगभर मेथी येते, ती शेजाऱ्यांना वाटावी लागते आणि पुढचे तीन आठवडे हातात काही नसतं. फळवाल्याकडचे प्लास्टिकचे क्रेट मिळतात ना, तसे तीन घ्या, आतून जुनी गोणी किंवा शेडनेट लावा, सहा ते आठ इंच माती भरा आणि दर दहा-बारा दिवसांनी एकेक क्रेट पेरत जा. सुरुवात घटस्थापनेच्या आसपास करायची, तोवर पाऊस ओसरलेला असतो. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन मात्र कोवळ्या रोपांना सोसत नाही, तेवढे दिवस जुन्या सुती साडीची सावली धरा.

मेथी रात्री भिजवून सकाळी पेरली की तीन-चार दिवसांत वर दिसते आणि पंचवीस-तीस दिवसांत कात्रीने कापायला येते. उपटू नका, मातीपासून दोन बोटं वर कापा आणि मूठभर गांडूळखत टाका, परत फुटते, दुसऱ्या वेळची पानं जरा लहान असतात पण वरणात घालायला छान. पालकाची सात-आठ रोपं दोघांना भरपूर, बाहेरची मोठी पानं खुडत राहायचं, मधला कोंब ठेवायचा.

कोथिंबिरीला संयम लागतो. स्वयंपाकघरातले धणे चालतात पण ताजे हवेत, लाटण्याने हलकं रगडून त्याच्या दोन फाका करायच्या, पीठ नाही करायचं, मग रात्रभर पाण्यात ठेवून पेरायचे. उगवायला आठ-दहा दिवस लागतात आणि पाचव्या दिवशी बरेच जण बोटाने माती उकरून बघतात, तिथेच कोंब मोडतो. वर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि कोंब दिसले की त्याच दिवशी काढा.

फळभाज्यांत हात आवरता घ्या. मिरचीची दोन झाडं, टोमॅटोची दोन, वांग्याचं एक, बस. टोमॅटोला बारा-चौदा इंचाची कुंडी आणि काठीचा आधार, पान आणि खोड यांच्या बेचक्यातून येणारे फुटवे लहान असतानाच काढा. वांगं संपत आलं की झाड फेकू नका, खालून छाटून खत घातलं की खोडव्याला परत वांगी धरतात. मावा (कोवळ्या शेंड्यांना चिकटलेले बारीक किडे) किंवा पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) दिसला तर आधी पाण्याचा जोरात फवारा, तरी राहिला तर लिटरला पाच मिली नीम तेल, त्यात साबणाचे दोन-तीन थेंब, आणि फवारणी संध्याकाळीच.

पाणी एकानेच घालायचं, हे लग्नाइतकं पक्कं ठरवा. दोघंही घरात, दोघांनाही झाडांची काळजी, सकाळी एक घालतो आणि तासाभराने दुसरा, मग मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडली म्हणून अजून पाणी घातलं जातं. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओलं लागलं तर आज सुट्टी. दुसऱ्याने खुडायचं, छाटायचं, कंपोस्टचा डबा बघायचा.

गुडघे आणि कंबर सांभाळा. ओली माती फार जड असते, एक घनफूट म्हणजे साधारण पन्नास किलो, म्हणून एक तृतीयांश माती, एक तृतीयांश कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि बाकी कंपोस्ट असं हलकं मिश्रण करा. क्रेट लोखंडी स्टँडवर कमरेइतक्या उंचीला ठेवले तर वाकावं लागत नाही. स्टँड भिंतीच्या किंवा कॉलमच्या कडेला ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको.

मुलांच्या खोलीच्या खिडकीत सकाळचं ऊन येत असेल तर रोपांचे ट्रे तिथे छान होतात. एकदा त्यांना फोन करून विचारा मात्र, खोली त्यांचीच आहे, आणि टेबलाची एक बाजू मोकळी ठेवा म्हणजे दिवाळीत आल्यावर बसायला जागा असते.

आता जायचा प्रश्न. मुलांकडे लांबचा मुक्काम करायचा आणि तारखा आपल्या हातात असतील तर जून ते सप्टेंबर जा. उघड्या गच्चीला पाऊसच पाणी घालतो, फक्त प्रत्येक कुंडीची खालची भोकं काडीने मोकळी करून जा. निघण्याआधी मृगाच्या सुमाराला मोठ्या पिशवीत हळदीचे कंद लावून ठेवा, तिला कुणी बघायला लागत नाही. गणपतीला घरी असाल तर मोदकाखाली घालायला पानं मिळतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की हळद काढायची. बाळंतपणासाठी जायचं असेल तर तारीख आपली नसते, उन्हाळ्यात जावं लागलं तर कुंड्या सावलीत एकत्र ठेवा, वर नारळाच्या शेंड्या आणि सुका पाला पसरा, बादली उंचावर ठेवून सुती दोरी एका टोकाने पाण्यात आणि दुसऱ्याने मातीत खोचा. आठवडाभर निभतं. त्याहून जास्त असेल तर कामवाल्या ताईंना पैसे देऊन सांगा, फुकट गळ्यात नको. कोरफड, गवती चहा, अडुळसा तगतात, पालेभाजी तगत नाही, ती काढून माती मोकळी उन्हात तापू द्या.

अमेरिकेला जात असाल तर बॅगेत ताजा कढीपत्ता, बिया किंवा माती घेऊ नका. कढीपत्त्याच्या ताज्या पानांना तिथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. स्वयंपाकघरातली हळदपूड नेता येते.

परत आल्यावर लगेच खत घालू नका. आधी वाळलेलं छाटा, आठवडाभर बेताचं पाणी द्या, माती खुरप्याने वरवर हलवा आणि पहिला क्रेट मेथीचा पेरा, सगळ्यात लवकर तीच ताटात येते.