हाताने रिव्हेट दाबताना मनगट वाचवायचं तर

किट विमानाची, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडायच्या विमानाची, बांधणी बहुधा शेपटीपासून सुरू होते आणि पहिल्या शे-दीडशे रिव्हेटांतच मनगट भरून येतं. मग हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्यारासाठी कॉम्प्रेसरचा विचार सुरू होतो. कोकणात तो घाईने घेऊ नका. पावसाळी हवेत टाकीत रोज पाणी साचतं, ते रोज काढावं लागतं, आणि जुलैत वीज कधी जाईल याचा नेम नाही. जिथे योक (स्क्वीझरचा यू आकाराचा जबडा) पोचतो, म्हणजे पत्र्याच्या कडा, रिबांच्या (आतल्या फासळ्यांच्या) पट्ट्या, ब्रॅकेट, तिथलं काम हाताच्या स्क्वीझरने, म्हणजे दोन दांड्यांच्या रिव्हेट दाबायच्या चिमट्याने, उत्तम होतं. ताकद कमी पडते असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा स्क्वीझर नीट लावलेला नसतो.

आधी रिव्हेटची लांबी तपासा. एडी म्हणजे २११७ मिश्रधातूचं रिव्हेट, डोक्यावर बारीक खळगी असते ते. एडी-३ चा व्यास ३/३२ इंच, एडी-४ चा १/८ इंच. लांबी हवी ती पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाची दीडपट. ०.०३२ इंचाचे दोन पत्रे जोडायचे तर १.६ मिमी अधिक ४.८ मिमी, म्हणजे ६.४ मिमी, इथे पाव इंची एडी४-४ बरोबर बसतं. एक माप लांब घेतलं तर जोर जास्त लागतो आणि दांडी (रिव्हेटचा डोक्याखालचा भाग) सरळ चेपण्याऐवजी एका बाजूला वाकते. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर रिव्हेट कटरने कापून घ्या, लांबच चालवू नका. भोक एडी-३ ला ४० नंबरच्या ड्रिलने, एडी-४ ला ३० नंबरच्या. सैल भोकात दांडी आधी भोक भरते, त्यामुळे चेपून बनणाऱ्या डोक्याला धातू कमी पडतो. भोकाची बर (ड्रिलने उठलेली धारदार कड) दोन्ही बाजूंनी काढा, पण हलक्या हाताने. खोल घासलं तर कडा खोबणीसारखी होते.

आता स्क्वीझर. दांडे उघडे असताना हाताचा जोर फारसा पोचत नाही. ते मिटत आले की तोच जोर कित्येक पटींनी वाढतो. म्हणून खरं चेपणं शेवटच्या टप्प्यात यायला हवं. दांडे पूर्ण मिटवा आणि सरकणाऱ्या सेटचा (रिव्हेटवर टेकणाऱ्या ठशाचा) स्क्रू असा लावा की दोन सेटमधली फट पत्र्यांची जाडी अधिक चेपून तयार होणाऱ्या डोक्याची उंची एवढी राहील. डोक्याची उंची व्यासाच्या निम्मी, रुंदी दीडपट: एडी-४ ला १.६ मिमी उंच, ४.८ मिमी रुंद. एडी-३ ला १.२ आणि ३.६ मिमी. वरच्या उदाहरणात सपाट डोक्याच्या (पत्र्याच्या पातळीत बसणाऱ्या) एडी-४ ला फट ३.२ मिमी. दाब आला की योक किंचित उघडतो, म्हणून तेवढ्याच जाडीच्या भंगार पत्र्यावर दाबून व्हर्निअरने मोजा आणि पाव-पाव फेरा आवळत जा. गोल डोक्याला वाटीचा सेट वापरा, आणि फटीचं माप काढत बसण्यापेक्षा सरळ चाचणीनेच लावा.

एडी-४ ला एडी-३ च्या सुमारे पावणेदोन पट जोर लागतो, कारण दांडीचं क्षेत्रफळ तितकं जास्त. इथे सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे दोन फेऱ्यांत दाबणं. सेट थोडा मागे ठेवून अख्खी ओळ अर्धवट चेपा, मग स्क्रू पुढे घेऊन तीच ओळ पूर्ण करा. दोन्ही वेळा दांडे मिटत येतानाचाच जोर वापरला जातो. दुसरी युक्ती: एक दांडा टेबलावर टेकवून धरा आणि दुसऱ्यावर तळहाताने अंगाचा भार द्या, मनगटाचं काम खांद्यावर जातं. दांड्यावर फूटभर पाइप चढवला तर आणखी सोपं, पण तेव्हा सेट नीट लावलेलाच हवा, नाहीतर योक वाकतो. जितका छोटा योक पुरेल तितकाच घ्या. खोल योक जास्त लवचिक असतो आणि डोकी तिरकी येतात.

दाबण्याआधी मूळ डोकं स्थिर सेटवर पूर्ण टेकलंय का, हे नखाने तपासा. डोक्याखाली फट राहिली की तो जोड ढिलाच. शेजारच्या भोकांत क्लेको (पत्रे तात्पुरते आवळून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) ठेवा: चंदेरी एडी-३ ला, तांबूस एडी-४ ला. पत्रे सुटे असतील तर त्यांच्यामध्ये धातू पसरतो आणि डोकं लहान दिसतं.

बिघडलेलं रिव्हेट काढायचं ते खरंच वाईट असेल तरच. थोडं रुंद किंवा थोडं ठेंगणं असलेलं काढताना भोक मोठं होण्याचा धोका जास्त. काढायचंच तर डोक्यावरच्या खळगीत एक नंबर बारीक ड्रिल टेकवा (३० च्या भोकाला ३१, ४० च्या भोकाला ४१), फक्त डोक्याच्या उंचीएवढं पाडा, पिनने डोकं मोडा आणि मागे आधार देऊन दांडी ठोकून बाहेर काढा.

किनाऱ्यावरच्या खारट हवेची एक खबरदारी. घामाच्या हाताने उघड्या अ‍ॅल्युमिनियमला धरू नका, सुती हातमोजे घाला. क्लेकोंच्या पोलादी स्प्रिंगा गंजतात, त्यांना हलकं तेल लावा आणि वापरण्याआधी पुसा. रिव्हेट हवाबंद बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. एडी रिव्हेटला फ्रिज लागत नाही. थंडीत ठेवावी लागतात ती २०२४ मिश्रधातूची. दोन पत्र्यांमधला प्रायमर पूर्ण वाळल्यावरच दाबा. दमट दिवसांत डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबावं लागतं.