अर्धे पाहुणे, अर्धे भाडेकरू

मी छपाईची यंत्रं बसवून देण्याचं काम करते. यंत्राच्या मागोमाग मी त्या शहरात पोचते आणि ते सुरळीत चालायला लागेपर्यंत तिथेच मुक्काम करते, कधी दहा दिवस, कधी महिनाभर. सुरुवातीची वर्षं साध्या हॉटेलांत काढली. चौथ्या-पाचव्या दिवशी मेनूकार्ड पाठ व्हायचं आणि भूक मरायची. म्हणून स्वयंपाकघर असलेल्या अपार्टमेंट हॉटेलकडे वळले. सर्व्हिस अपार्टमेंट म्हणा हवं तर, नावं बदलतात, प्रकार तोच. खोली हॉटेलची, पण चूल, भांडी आणि कचरा आपला. स्वागतकक्षातला माणूस तुम्हाला पाहुणे म्हणतो, सिंकमधली खरकटी भांडी मात्र तसं काही मानत नाहीत.

तीन रात्रींपेक्षा कमी मुक्काम असेल तर या भानगडीत पडूच नका. मीठ, तेल, साबण घेऊन येईपर्यंत निघायची वेळ होते. शिवाय बऱ्याच ठिकाणी साफसफाईची रक्कम एकदाच, सरसकट लावतात. दोन रात्रींवर वाटली तर ती टोचते, दहा रात्रींवर वाटली तर जाणवतही नाही. त्यामुळे जाहिरातीतला एका रात्रीचा आकडा बघू नका. सगळे कर आणि साफसफाई धरून शेवटी जी रक्कम येते तिला रात्रींनी भागा आणि मग तुलना करा. आणखी एक. पुष्कळ ठिकाणी 7 रात्रींना आठवड्याचा आणि 28 रात्रींना महिन्याचा दर लागतो. एकदा मला 26 रात्री राहायचं होतं. सहज 28 टाकून पाहिले तर एकूण रक्कम कमी झाली! दोन रात्री जास्तीच्या घेतल्या आणि दोन दिवस आधी निघाले.

आता फोटो. रुंद भिंगानं काढलेल्या फोटोत बाथरूमसुद्धा सभागृहासारखं दिसतं. क्षेत्रफळ लिहिलेलं असेल तर ते वाचा. 25 चौरस मीटर म्हणजे साधारण 270 चौरस फूट, आणि त्यातच पलंग, ओटा, न्हाणीघर सगळं आलं. एकट्या माणसाला पुरतं. दोघं असतील आणि त्यातल्या एकाला दिवसभर फोनवर बोलायचं असेल, तर वेगळी झोपायची खोली घ्याच. क्षेत्रफळ लिहिलेलं नसेल तर माझी पट्टी म्हणजे शेगडी. एकामागे एक अशी दोन चुलाणी असलेली काचेची शेगडी जेमतेम 30 सेंटिमीटर रुंद असते. फोटोत तिच्या शेजारी तशीच आणखी एक शेगडी मावेल एवढा मोकळा ओटा दिसतोय का बघा. दिसत नसेल तर चिरायचं सगळं पलंगावर बसून चिरायचं आहे असं समजा. मी चिरलंय.

एकच खोली असेल तर पलंगाच्या उशापासून फ्रिज किती लांब आहे तेही फोटोतच शोधा. दिवसा ऐकू न येणारा कॉम्प्रेसर रात्री दोन वाजता घुं करून सुरू होतो, थरथरून बंद पडतो आणि तुम्ही तो पुन्हा कधी सुरू होईल याची वाट बघत जागे राहता.

पण खरी गोम आहे ती ‘सुसज्ज स्वयंपाकघर’ या दोन शब्दांत. त्यांचा अर्थ चार कप आणि एक मायक्रोवेव्ह असाही होतो, आणि ओव्हनपासून गाळणीपर्यंत सगळं असाही. म्हणून पैसे भरण्याआधी मी लेखी विचारते: शेगडी इंडक्शनची, साध्या विजेची की गॅसची? ठेवलेली भांडी तिच्यावर चालतात का? फ्रिजला वेगळा फ्रीझर आहे का? स्वयंपाकघराजवळची खिडकी उघडते का? आणि रात्री काही अडलं तर फोन कोण उचलतं? उत्तर किती वेळात आणि किती नेमकं येतं, त्यावरून पुढचा मुक्काम कसा जाणार याचा अंदाज येतो. ‘सर्व सोयी उपलब्ध आहेत’ एवढंच उत्तर आलं की मी दुसरीकडे बघते.

दुसरा प्रश्न वाचून हसू येईल. मला एकदा रात्री साडेनऊला आलं नव्हतं. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, येताना तांदूळ, अंडी, भाजी घेतलेली. कपाटातलं पातेलं काढलं, पाणी घातलं, शेगडी सुरू केली. तिनं तीनदा पीं-पीं केलं आणि गप्प झाली. पुन्हा तेच. दहा मिनिटं मी तिला बडवत होते. मग फ्रिजच्या दारावरचं शोभेचं चुंबक काढून पातेल्याच्या बुडाला लावलं. खळकन खाली पडलं. सगळी भांडी ॲल्युमिनियमची होती. हॉटेलनं शेगडी नवी इंडक्शनची बसवली आणि भांडी जुनीच ठेवली! इंडक्शनची शेगडी स्वतः तापत नाही, तिच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं भांड्याचं बूडच तापतं. त्यासाठी बुडाला चुंबक चिकटायला हवं. ॲल्युमिनियम, तांबं आणि बऱ्याच प्रकारचं स्टील तिच्यापुढे हात टेकतं. त्या रात्री भात मायक्रोवेव्हमध्ये केला: एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, खोलगट काचेचं भांडं, वर अर्धवट झाकण, अधूनमधून डोकावत पंधरा-सतरा मिनिटं. बरा झाला. तेव्हापासून एक चपटं चुंबक माझ्या बॅगेत असतं.

याच्या उलट, पीं-पीं न करताच शेगडी ढिम्म राहिली तर बहुधा मुलांसाठीचं कुलूप लागलेलं असतं. किल्लीच्या चित्रावर तीनेक सेकंद बोट दाबून धरा. रात्री अकराला दुरुस्तीवाल्याला बोलावणाऱ्यांपैकी निम्मे याच कारणासाठी बोलावत असतील, अशी मला दाट शंका आहे.

पोचायच्या दिवसाबद्दल थोडं. अशा बऱ्याच जागी रात्री स्वागतकक्षात कुणी नसतं. किल्ली आकड्यांच्या पेटीत असते किंवा दाराला आकडे दाबायचे असतात. आणि आकडे दोन असतात: एक इमारतीच्या मुख्य दाराचा, एक खोलीचा. दोन्ही कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण फोनची बॅटरी संपण्याचा मुहूर्त हाच असतो. अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. ती खर्च होत नाही, पण मोकळी व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. क्रेडिट कार्ड असेल तर तेच पुढे करा.

खोलीत शिरल्यावर बॅग उघडायच्या आधी मी एक फेरी मारते. गरम पाणी येतंय का, शेगडी तापतेय का, फ्रिज गार आहे का, खिडकी लागते का. शेगडीच्या काचेचा, टेबलाचा आणि गालिच्याचा फोटो काढते, कारण आधीच्या पाहुण्यानं पाडलेला ओरखडा जाताना माझ्या नावावर नको. फ्रिजच्या आत बघा. पुष्कळ ठिकाणी तो बंद करून दार उघडं ठेवलेलं असतं. सुरू केल्यावर नीट गार व्हायला काही तास लागतात, तोवर दूध आणू नका. आतल्या चकतीवर 1 ते 5 असे आकडे असतील तर मोठा आकडा म्हणजे जास्त गार. हे उलटं समजून मी एक अख्खा आठवडा नासकं दूध ओतून दिलंय. आतलं तापमान 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं. फ्रिज गुडघ्याएवढाच आणि बर्फाचा कप्पा नसलेला असेल, तर तो शीतपेयासाठी आहे, उरलेल्या जेवणासाठी नाही, असं धरून चाला.

केटल घासून, एकदा पाणी उकळून ओतून द्या. आधीच्यानं तिच्यात अंडी उकडली नसतील असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सुऱ्या बोथट असतात. जगात कुठेही जा, अपार्टमेंट हॉटेलातली सुरी टोमॅटोवरून घसरते. त्यावर माझा उपाय असा: चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाला जी खरखरीत कड असते, जिथे चकाकी दिलेली नसते, तिच्यावर सुरीचं पातं थोडं तिरकं धरून मुठीपासून टोकापर्यंत ओढायचं. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, दहा-बारा वेळा. हलका हात ठेवा, कपाशी कुस्ती नको. मग पातं धुऊन पुसून घ्या. टोमॅटो कापला जातो. स्वतःची सुरी नेणार असाल तर ती विमानात सोबतच्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावी लागते.

शेगडी, केटल आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावू नका. 230 व्होल्टच्या पुरवठ्यात 16 अँपिअरची लाइन साधारण 3,680 वॉटपर्यंत तग धरते. केटलच 2,000 वॉटच्या आसपास खाते, तितकंच मोठ्या आचेवरचं इंडक्शन. दोन्हीला लाइन एकच असेल तर दिवे जातात. अंधारात शोधत बसण्यापेक्षा ब्रेकरची पेटी कुठे आहे ते पहिल्याच फेरीत पाहून ठेवा. बहुधा मुख्य दाराजवळच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलामागे असते.

आता धूर. शेगडीवरचं धुरांडं दिसतं भारदस्त, पण अनेकदा ते हवा बाहेर टाकतच नाही. जाळीतून, कोळशाच्या फिल्टरमधून फिरवून तीच हवा परत खोलीत सोडतं. वास थोडा कमी होतो, वाफ तिथेच राहते. एकदा कांदा परतताना फोन आला, मी खिडकीकडे गेले, कांदा काळा झाला आणि छतावरचा भोंगा किंचाळू लागला. घाबरून मी मुख्य दार उघडलं. तीच चूक झाली. खोलीतला भोंगा पुष्कळदा खोलीपुरताच असतो; धूर बाहेरच्या बोळात गेला की तिथल्या यंत्राला तो कळतो आणि अख्ख्या इमारतीचा भोंगा वाजतो. चार मजल्यांवरचे लोक झोपायच्या कपड्यांत खाली उतरले. मी हातात उलथनं घेऊन त्यांच्यात उभी. तेव्हा नुसता धूर झाला असेल तर आच बंद करा, भांड्यावर झाकण घाला, खिडकी उघडा, मुख्य दार लावलेलंच राहू द्या. खरीच आग असेल तर मात्र बाहेर पडा आणि दार मागे ओढून घ्या. भोंग्यावर पायमोजा किंवा पिशवी चढवण्याची युक्ती कुणी सांगेल, तिच्या नादी लागू नका.

कपडे धुवायचं यंत्र खोलीत असेल तर ते बहुधा धुणं आणि सुकवणं दोन्ही करणारं असतं. त्याच्या दारावर दोन वजनं लिहिलेली असतात, म्हणजे 8 किलो धुणार आणि 5 किलो सुकवणार अशी. पिंप गच्च भरून सुकवायला लावलं तर चार-पाच तासांनी गरम, ओले आणि चुरगळलेले कपडे हातात येतात. शिवाय सुकवणं मध्येच थांबवलं तरी आतली उष्णता उतरेपर्यंत दार उघडत नाही. पहाटे सहाला निघायचं असताना माझी एकुलती एक कामाची पँट त्या गोल काचेमागे गरगरून थांबली होती आणि मी बाहेरून तिच्याकडे बघत उभी होते. थोडे कपडे टाका, रात्री झोपण्याआधी बरंच आधी टाका, आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे त्यात कधीच टाकू नका.

खरेदी दोन-दोन दिवसांची करा. पहिल्या संध्याकाळी उत्साहात आठवड्याचं सामान आणलं की निम्मं टाकावं लागतं. तेलाची सगळ्यात छोटी बाटली घ्या. जागा निवडतानाच नकाशावर किराण्याचं दुकान शोधा, आणि ते दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दहा मिनिटांत चालत येण्याइतकं जवळ आहे का, वाटेत चढ आहे का, ते बघा. प्रेक्षणीय स्थळापासूनचं अंतर एकदाच मोजावं लागतं, हे दिवसाआड.

साफसफाई रोज होईल असं धरू नका. पुष्कळ ठिकाणी ती आठवड्यातून एकदा असते, आणि त्यातही भांडी घासणं धरलेलं नसतं. कोणत्या वारी, टॉवेल कधी बदलणार, कचरा कुठे टाकायचा, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. कचरा मी रोज रात्री खाली नेते. बंद खोलीत कांद्याच्या सालींना दुसऱ्या दिवशी स्वतःचं व्यक्तिमत्त्व येतं.

निघायच्या आदल्या रात्री उरलेलं संपेल असं काहीतरी करा, मीठ-साखर स्वागतकक्षात विचारून ठेवा, पुढच्या कुणाला उपयोगी पडते. भांडी घासून ठेवा, नाहीतर अनामतीतून कापतात. फ्रिज रिकामा करा, काचेचा पुन्हा एक फोटो काढा. आणि कपड्यांच्या यंत्राच्या दाराभोवती जी रबराची जाड घडी असते, तिच्या आतून सगळीकडे बोट फिरवा. मोजे तिथे जातात. माझे दोन वेगवेगळ्या शहरांत अजून असतील, एकेकच.