डेटाबेसमधल्या लेखाचा संदर्भ देताना

ब्राउझरच्या वरच्या पट्टीतली लिंक उचलू नका. एब्स्कोसारख्या शोधलेखांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये ती बहुधा त्या लॉगिनपुरतीच असते, दुसऱ्या दिवशी उघडत नाही. कॉलेजच्या प्रॉक्सीतून (घरून डेटाबेस उघडायची कॉलेजची लॉगिन वाट) आलात तर लिंकमध्ये कॉलेजचा पत्ताही घुसतो आणि बाहेरच्या वाचकापुढे लॉगिनचं पान येतं.

आधी डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, शोधा. तो १० ने सुरू होतो. त्याआधी डीओआय डॉट ऑर्गचा पत्ता जोडा. डीओआय नसेल तर डेटाबेसने दिलेली 'पर्मालिंक' (कायमची लिंक) घ्या, जेस्टोर या डेटाबेसवर तिचं नाव 'स्टेबल यूआरएल'.

एमएलए आणि एपीए या संदर्भ लिहिण्याच्या दोन पद्धती. एमएलएत डेटाबेसचं नाव तिरप्या अक्षरांत येतं. एपीएच्या ७व्या आवृत्तीत सहसा नाहीच. डेटाबेसमधल्या 'साइट' (Cite) बटणाने तयार मिळणारा संदर्भ मात्र तपासाच: शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये, नियतकालिकाचा अंक क्रमांक गायब, हे नेहमीचंच. पृष्ठ क्रमांक पीडीएफच्या पानांवर छापलेलेच घ्या.